वर्षअखेरीचा कौल : बीटल्स, डिसेंबर १९६३

डिसेंबर उजाडला की वर्षाचा हिशेब मांडण्याची घाई सगळ्यांनाच होते. कोणते पुस्तक गाजले, कोणता नट पुढे गेला, कोणते गाणे ओठांवर राहिले, याच्या याद्या निघतात आणि जानेवारी संपेपर्यंत विस्मृतीत जातात. त्यातही एखाद्या लोकप्रिय बँडच्या चाहत्यांसाठी निघणारी वार्तापत्रे हा तर इतिहासलेखकांनी हातही न लावावा असा ऐवज मानला जातो. अमक्या मतदानात आपला बँड पहिला आला, तमक्या तारखेला तो अमुक नाट्यगृहात येणार आहे, तिकिटे अमुक पत्त्यावर मिळतील, एवढाच त्यांतला मजकूर. त्यात विचार नसतो, विश्लेषण नसते. असतो तो केवळ उत्साह.

आम्हांला मात्र असे वाटते, की कलेला मान्यता कोण देते आणि ती कोणत्या अधिकाराने देते, हा प्रश्न ज्यांना गंभीरपणे विचारायचा आहे त्यांनी या उत्साही कागदांकडे पाठ फिरवू नये. त्यासाठी १९६३ सालच्या डिसेंबरातले इंग्लंड हे उदाहरण आम्ही निवडले आहे. त्या एका महिन्याच्या आगेमागे लिव्हरपूलच्या चार तरुणांना बाजाराने, राजघराण्याने, चाहत्यांच्या मंडळाने आणि अखेरीस प्रतिष्ठित समीक्षेने, अशी चारही बाजूंनी मान्यता दिली. या चौघांपैकी नेमके कोणाचे मत इतिहासात नोंदले गेले आणि कोणाचे केवळ 'किंचाळणे' म्हणून बाजूला सारले गेले, हे पाहण्यासारखे आहे.

१

प्रारंभ थोडा मागून करावा लागेल. बिल हॅरी या तरुणाने जुलै १९६१ मध्ये लिव्हरपूल येथे 'मर्सी बीट' नावाचे पत्र काढले. शहरात आणि आसपास वाजवणाऱ्या बँडांच्या बातम्या देणे हा त्याचा हेतू. या पत्राने वाचकांचे मतदान घेतले आणि ४ जानेवारी १९६२ च्या अंकात निकाल छापला. बीटल्स पहिले आले होते. अंकाच्या पहिल्या पानावर त्यांचे छायाचित्र झळकले. खाली पॉल मॅकार्टनीचे आडनाव मात्र चुकीचे छापले गेले. विजेत्याचे नावदेखील ज्या गावात अजून नीट ठाऊक नाही, त्या गावाने दिलेला हा पहिला मान.

या मतदानाची एक गोष्ट हॅरी यांनी पुढे अनेकदा सांगितली. एकाच हस्ताक्षरातल्या, हिरव्या शाईने लिहिलेल्या, शहराच्या एकाच भागातून आलेल्या मतपत्रिकांचा एक गठ्ठा त्यांनी रद्द केला. ती मते रोरी स्टॉर्म अँड द हरिकेन्स या बँडच्या बाजूची होती. ती धरली असती तर निकाल वेगळा लागला असता. या हरिकेन्सचा ढोलवादक होता रिंगो स्टार; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो बीटल्समध्ये आला. बीटल्सनीही आपल्या बाजूने काही पत्रिका भरून धाडल्या होत्याच. तेव्हा या पहिल्या 'लोकमताचा' पाया किती भक्कम होता हे उघडच आहे.

पण मतदानात लबाडी झाली म्हणजे ते निरर्थक ठरले, असा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. मत विकत मागावे, चोरावे, बनावट करावे अशी इच्छा जिथे होते तिथे त्या मताला काही किंमत आलेली असते. १९६२ च्या आरंभी लिव्हरपूलमधल्या वाचकाच्या मतपत्रिकेला ती किंमत आली होती. लंडनच्या तबकडी कंपन्यांना या शहराची खबर नव्हती. या गावात कोण श्रेष्ठ हे ठरवण्याचा अधिकार गावाने स्वतःकडे घेतला होता. पुढच्या दोन वर्षांत जे घडले त्याचे बीज इथे आहे.

२

ऑक्टोबर १९६२ मध्ये 'लव्ह मी डू' ही त्यांची पहिली तबकडी निघाली आणि विक्रीच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत गेली. त्यानंतरचे वर्ष मात्र अद्भुत म्हणावे असे. 'प्लीज प्लीज मी' हा त्यांचा पहिला दीर्घ तबकडीसंग्रह मे १९६३ पासून तीस आठवडे यादीच्या शिरोभागी राहिला. त्याला खाली उतरवले ते त्यांच्याच दुसऱ्या संग्रहाने, २२ नोव्हेंबरला निघालेल्या 'विथ द बीटल्स'ने. ऑगस्टमध्ये आलेली 'शी लव्ह्ज यू' ही त्या वर्षातली इंग्लंडमधली सर्वाधिक खपाची तबकडी ठरली, आणि तिचा ब्रिटनमधला विक्रम १९७७ पर्यंत अबाधित राहिला. तो मोडला तोही मॅकार्टनीच्याच पुढच्या बँडने. २९ नोव्हेंबरला आलेल्या 'आय वाँट टू होल्ड युअर हँड'ची मागणी प्रकाशनापूर्वीच दहा लाखांच्या वर गेली होती. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाच्या वर्षअखेरीच्या वाचक-मतदानात ब्रिटिश आणि जागतिक अशा दोन्ही गायनसमूह विभागांत बीटल्स अव्वल आले.

हे आकडे सर्वपरिचित आहेत. त्यांच्यामागची एक गोष्ट आम्हांला अधिक बोलकी वाटते. २८ फेब्रुवारी १९६३ रोजी यॉर्कहून श्रूजबरीला जाताना बसमध्ये जॉन लेनन आणि मॅकार्टनी यांनी 'फ्रॉम मी टू यू' हे गाणे रचले. हाताशी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'चा अंक होता. त्यातल्या वाचकांच्या पत्रव्यवहाराच्या सदराचे नाव होते 'फ्रॉम यू टू अस'. वाचकाकडून आमच्याकडे, या शीर्षकाला उलटे फिरवून, माझ्याकडून तुझ्याकडे, असे गाणे झाले. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला 'थँक यू गर्ल' हे गाणे होते, आणि ते पत्रे लिहिणाऱ्या मुलींचे आभार मानण्यासाठी होते असे मॅकार्टनीने सांगितले आहे. त्या काळातल्या त्यांच्या शीर्षकांत 'मी', 'तू', 'ती' ही सर्वनामे पुन्हा पुन्हा येतात, ती काही योगायोगाने नव्हे. ही गाणी पत्रासारखी आहेत. त्यांना पत्ता आहे, आणि पत्त्यावर एक सोळा वर्षांची मुलगी आहे.

ती मुलगी काय ऐकत होती, हेही लक्षात घ्यायला हवे. बीटल्सच्या पहिल्या दोन संग्रहांत शिरेल्स, कुकीज, मार्व्हलेट्स, डोनेज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलींच्या गायनसमूहांची गाणी आहेत. सवाल-जवाबासारखी आवाजांची गुंफण, एकाने ओळ टाकावी आणि बाकीच्यांनी ती उचलून धरावी ही रीत, मैत्रिणीने मैत्रिणीला सांगावे तसा प्रेमाचा मजकूर, हे सारे त्यांनी तिथून आत्मसात केले. 'शी लव्ह्ज यू'मध्ये प्रियकर स्वतःचे प्रेम सांगत नाही. तो दुसऱ्याचा निरोप आणतो. आपल्याकडच्या लावणी-विराण्यांतील सखीची भूमिकाच जणू इथे पुरुषाने घेतली. मुलींना हे गाणे आपले वाटले, कारण त्याचा घाट मुलींच्याच गाण्यांतून आलेला होता. त्यांच्या पसंतीला केवळ उन्माद म्हणणारांनी ही गोष्ट ध्यानात घेतली नाही.

३

दुसरी मान्यता राजघराण्याची. ४ नोव्हेंबर १९६३ रोजी लंडनच्या प्रिन्स ऑफ वेल्स नाट्यगृहात 'रॉयल व्हरायटी परफॉर्मन्स' झाला. राणी एलिझाबेथ गर्भवती असल्याने राजमाता आणि राजकन्या मार्गारेट उपस्थित होत्या. एकोणीस कलावंतांच्या कार्यक्रमपत्रिकेत बीटल्सचा क्रम सातवा होता. शेवटच्या गाण्यापूर्वी लेननने स्वस्त जागांवरच्या मंडळींना टाळ्या वाजवायला सांगितले आणि उरलेल्यांनी नुसते दागिने खुळखुळवले तरी चालेल, अशी पुस्ती जोडली. सभागृह हसले, राजमाताही हसल्या. दुसऱ्या दिवशी साऱ्या वृत्तपत्रांनी हा विनोद छापला.

या विनोदाचे कौतुक आजवर पुष्कळ झाले आहे. आमच्या मते त्याचे खरे मर्म वेगळे आहे. लेननने एका वाक्यात सभागृहाचे दोन भाग केले : दाद देणारे आणि दागिने घातलेले. दाद देण्याचा अधिकार त्याने पहिल्या गटाकडे ठेवला. दरबारी मान स्वीकारताना कलावंताने वाकावे अशी जुनी रीत. इथे मानाचा स्वीकार झाला, पण तो देणाराच किंचित बाजूला सरकवला गेला. आणि दागिनेवाल्यांना ते आवडले, हेही तितकेच खरे. लोकप्रियतेशी आपले नाव जोडले जावे ही गरज आता राजवाड्यालाही भासू लागली होती. मार्च १९६४ मध्ये १९६३ च्या श्रेष्ठ रंजनकारांचा पुरस्कार त्यांना देण्यासाठी विरोधी पक्षनेते हॅरल्ड विल्सन हजर राहिले. त्यांचा मतदारसंघ लिव्हरपूलला लागूनच होता. तेच पुढे पंतप्रधान झाले आणि १९६५ मध्ये चौघांना 'एम.बी.ई.' हा राजकीय सन्मान मिळाला. तेव्हा काही जुन्या मानकऱ्यांनी संतापून आपली पदके परत केली. मान्यतेचे मोल कमी झाले असे त्यांना वाटले असावे.

४

आता चाहत्यांच्या मंडळाकडे वळू. लिव्हरपूलच्या काही मुलींनी हौसेने सुरू केलेले हे मंडळ १९६३ मध्ये अशा गतीने वाढले की पत्रांना उत्तरे देणे अशक्य झाले. उत्तरेकडचा कारभार फ्रीडा केली ही तरुणी लिव्हरपुलातून पाहत असे. दक्षिणेचा लंडनच्या मॉनमथ स्ट्रीटवरच्या कचेरीतून चाले. लंडनहून जाणाऱ्या पत्रांवर ॲन कॉलिंगहॅम या राष्ट्रीय चिटणीसबाईंची सही असे. या बाई अस्तित्वातच नव्हत्या. प्रसिद्धी-अधिकारी टोनी बॅरो यांनी ते नाव योजले होते. ऑगस्ट १९६३ पासून निघू लागलेल्या 'द बीटल्स बुक' या मासिकाचे संपादक 'जॉनी डीन' हेदेखील शॉन ओ'माहोनी या प्रकाशकाने घेतलेले टोपणनावच. त्या मासिकाचा खप लवकरच तीन लाखांच्या पुढे गेला. लेननचा ऑगस्ट १९६२ मधला विवाह, एप्रिल १९६३ मधला पुत्रजन्म, या गोष्टी आरंभी चाहत्यांपासून दडवून ठेवण्यात आल्या होत्या.

म्हणजे चाहत्यांना मिळणारी जवळीक ही रचलेली होती, हे मान्य करायलाच हवे. पण एवढ्यावर थांबून 'सगळा धंदा होता' असे म्हणणे आम्हांला पुरेसे वाटत नाही. धंदा होताच, परंतु पत्रांचा पूर मुळात कोणी रचलेला नव्हता. तो थोपवायला, त्याला काही उत्तर द्यायला या साऱ्या कल्पित व्यक्ती उभ्या कराव्या लागल्या. उत्तरे रखडल्याने नाराज झालेल्या सभासदांचे समाधान करावे म्हणून बॅरोंनी एक युक्ती काढली : चौघांनी बोललेली, गायलेली, पातळ लवचीक प्लॅस्टिकची एक तबकडी नाताळला सर्व सभासदांना टपालाने फुकट धाडायची. १७ ऑक्टोबरला, 'आय वाँट टू होल्ड युअर हँड'च्या मुद्रणाच्याच दिवशी, तिचे मुद्रण झाले. ही तबकडी दुकानात मिळत नसे. ती कोणत्याही यादीत आली नाही, कोणत्याही मतदानात उभी राहिली नाही. वर्षभर ज्यांनी मान्यता दिली त्यांना त्यांच्या कलावंतांनी दिलेली ती पोच होती.

त्याच डिसेंबरात प्रत्यक्ष भेटीचे दोन प्रसंग आले. ७ तारखेला लिव्हरपूलच्या एम्पायर नाट्यगृहात उत्तर विभागाच्या अडीच हजार सभासदांसमोर बी.बी.सी.ने 'ज्यूक बॉक्स ज्युरी' हा कार्यक्रम मुद्रित केला. त्यात नव्या तबकड्या ऐकून त्या चालतील की पडतील हे परीक्षकांनी सांगायचे असे. त्या दिवशी चारही परीक्षक बीटल्स होते. ज्यांच्याविषयी वर्षभर कौल दिला जात होता, तेच आता कौल देणाऱ्यांच्या खुर्चीवर होते, आणि समोर त्यांना तिथवर पोहोचवणाऱ्या मुली. १४ तारखेला लंडनजवळ विम्बल्डन पॅले येथे दक्षिण विभागाचा मेळावा झाला. सुमारे तीन हजार चाहते रांगेने आले आणि चौघांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केले. नंतरच्या गायनासाठी मात्र व्यवस्थापनाने मंचाभोवती पोलादी जाळीचा पिंजरा उभारला होता. आधी हातात हात, मग जाळी. वर्षाची सारी कथा या एका दुपारीत आली असे म्हणता येईल.

२४ डिसेंबर ते ११ जानेवारी या काळात फिन्सबरी पार्क ॲस्टोरिया नाट्यगृहात नाताळचे तीस प्रयोग झाले. एक लाख तिकिटे नोव्हेंबरच्या मध्यालाच संपली होती. त्यात गाण्यांखेरीज इंग्रजी नाताळी सोंगाच्या थाटाचे एक प्रहसन असे : लेनन खलनायक, मॅकार्टनी नायक, आणि संकटात सापडलेली नायिका जॉर्ज हॅरिसन. यातला एक शब्दही प्रेक्षकांना नीट ऐकू येत नसे. मग ते कशाला येत होते? आपल्याकडे देवदर्शनाला जाणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. गाणे घरी तबकडीवर शंभरदा ऐकलेले असते; तिथे जायचे ते दर्शनासाठी, आणि आपल्यासारखेच हजारजण आहेत हे डोळ्यांनी पाहण्यासाठी.

५

सर्वांत शेवटी आली समीक्षा. २७ डिसेंबरच्या 'द टाइम्स'मध्ये संगीत-समीक्षक विल्यम मान यांचा लेख प्रसिद्ध झाला. तेव्हाच्या प्रथेनुसार त्यावर नाव नव्हते. १९६३ चे श्रेष्ठ इंग्रज संगीतरचनाकार म्हणून त्यांनी लेनन-मॅकार्टनी यांचा निर्देश केला, त्यांच्या गाण्यांतल्या अनपेक्षित स्वरस्थानांतरांची चिकित्सा केली आणि 'नॉट अ सेकंड टाइम'च्या अखेरीच्या स्वरावरोहाचा संबंध माहलरच्या 'साँग ऑफ द अर्थ'शी जोडला. दोनच दिवसांनी 'संडे टाइम्स'मध्ये रिचर्ड बकल यांनी त्यांना बेथोव्हेननंतरचे श्रेष्ठ रचनाकार ठरवले. लेननने पुढे कबूल केले की मान यांनी वापरलेली पारिभाषिक संज्ञा त्याला परदेशी पक्ष्यांच्या नावासारखी वाटली.

मान यांच्या लेखाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. कान उघडे ठेवून, पूर्वग्रह बाजूला सारून त्यांनी या गाण्यांची रचना तपासली, आणि असे करणारे त्या वेळी विरळाच होते. परंतु लेखाच्या आरंभीच त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली होती : पिशव्या-फुग्यांवरची चित्रे, मुलींच्या किंकाळ्या, या सामाजिक प्रकाराशी आपल्याला कर्तव्य नाही, आपल्याला केवळ संगीताशी कर्तव्य आहे. म्हणजे गाण्यांना दरवाजा उघडला तो मुलींना बाहेर ठेवून. दोन महिन्यांनी, २८ फेब्रुवारी १९६४ च्या 'न्यू स्टेट्समन'मध्ये पॉल जॉन्सन यांनी 'बीटलवादाचा धोका' या आशयाचा लेख लिहून या साऱ्या प्रकारावर कठोर टीका केली. किंचाळणारी मुले-मुली त्यांच्या मते पिढीतली मंद, आळशी आणि अयशस्वी मंडळी होती. दोन समीक्षकांची मते परस्परविरुद्ध; पण एका बाबतीत दोघे एकत्र होते. ज्यांनी हे संगीत प्रथम ओळखले त्यांची दखल घेण्याची गरज दोघांनाही वाटली नाही.

वस्तुतः 'टाइम्स'चा लेख येईपर्यंत निकाल लागून गेला होता. मान जे वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात म्हणाले, ते या मुलींनी वर्षभर आपल्या खाऊच्या पैशांतून, पोस्टल ऑर्डरींतून, मतपत्रिकांतून सांगितले होते. त्यांच्याजवळ परिभाषा नव्हती, हे खरे. परंतु परिभाषा नसणे म्हणजे पारख नसणे नव्हे. आपल्या साहित्यव्यवहारातही लोकप्रिय लेखकाच्या वाचकवर्गाविषयी, विशेषतः त्यातल्या स्त्रियांविषयी, अशाच सुरात बोलले जाते. म्हणून ही गोष्ट आम्हांला केवळ परदेशातली वाटत नाही.

६

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. डिसेंबर १९६५ मध्ये कार्डिफ येथे त्यांचा शेवटचा ब्रिटिश दौरा संपला. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगानंतर त्यांनी दौरे कायमचे थांबवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर १९६६ मध्ये, हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आला. ताजमहाल हॉटेलात खोटे नाव घेऊन राहिला. पण ओळख लपली नाही. हॉटेलाबाहेर तरुणांची गर्दी जमली आणि अखेर पत्रकारांना बोलावून, आपण इथे शिष्य म्हणून आलो आहोत, बीटल म्हणून नव्हे, असे त्याला सांगावे लागले. दर्शन देणे थांबवलेल्या माणसाच्या दारीही दर्शनार्थी आलेच. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला तो एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर मुद्रण करण्यासाठी.

नाताळची तबकडी मात्र दौरे थांबल्यावरही दरवर्षी निघत राहिली. २५ नोव्हेंबर १९६९ रोजी लेननने आपले 'एम.बी.ई.' पदक राणीकडे परत पाठवले. सोबतच्या पत्रात बियाफ्रा आणि व्हिएतनाम यांविषयीचा निषेध होता, आणि त्यालाच जोडून 'कोल्ड टर्की' ही आपली तबकडी यादीत घसरत असल्याची तक्रारही होती. राजाचा मान परत करणाऱ्यालाही यादीतला क्रमांक सुटत नव्हता, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

त्यानंतरच्या महिन्यात मंडळाच्या सभासदांना सातवी आणि अखेरची तबकडी मिळाली. चौघे एव्हाना एका खोलीत जमत नव्हते. ज्याने त्याने आपापला भाग वेगळा मुद्रित केला आणि ते तुकडे जोडण्यात आले. तबकडीचा दर्जा काढायचा तर काढता येईल. पण पदक परत जाऊ शकते, यादीतला क्रमांक घसरू शकतो, समीक्षक मत बदलू शकतो. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी कोणतीही परिभाषा न वापरता आपला कौल दिला होता, त्यांची पोच मात्र बँड मोडकळीस आलेला असतानाही चुकवावी असे त्या चौघांना वाटले नाही. चारही मान्यतांपैकी नेमके कोणाचे ऋण त्यांनी शेवटपर्यंत मानले, याचे उत्तर आम्हांला त्या पातळ प्लॅस्टिकच्या चकतीत सापडते.